खाऱ्या हवेत जाम झालेला एटीव्हीचा मागचा ॲक्सल कसा काढायचा

नागाव, काशीद, वरसोली, आमच्या अलिबागकडचा कुठलाही किनारा घ्या. तिथे एटीव्ही, म्हणजे जाड टायरांची उघडी चारचाकी, फिरवणाऱ्या प्रत्येकावर ही पाळी एकदा तरी येतेच. मेअखेर धंदा बंद होतो, गाडी ताडपत्रीखाली जाते. गणपती होतात, नवरात्र होतं, दिवाळीच्या गर्दीसाठी गाडी बाहेर ओढावी तर मागची चाकं जागची हलत नाहीत. माझी गाडी चार महिने सुपारीच्या वाडीत उभी होती. शेवटच्या दिवशी गोड्या पाण्याने धुवायची राहून गेली, एवढंच निमित्त.

पहिल्या वेळी मी काय केलं ते आधी सांगतो, म्हणजे तुम्ही ते करणार नाही. पाना लावला, पान्यात चार फुटी पाइप घातला, नट ऐकेना म्हणून ॲक्सलच्या, म्हणजे दोन्ही मागची चाकं जोडणाऱ्या दांड्याच्या, टोकावर घण घातला. संध्याकाळपर्यंत टोक अळंबीसारखं पसरलं, आटे बसले. नट होता तिथेच होता, ॲक्सल मात्र भंगारात गेला. लेथवाले काका एवढंच म्हणाले, “अरे, नट मारायचा होता, तू ॲक्सल मारलास.”

तेव्हापासून पाना हातात घेण्याआधी मी एक हिशोब करतो: यातलं स्वस्त काय आणि महाग काय? नट, स्प्लिट पिन (नट फिरू नये म्हणून आरपार घालतात ती), सील, बेअरिंग स्वस्त. ॲक्सल, त्यावरचे आटे आणि बेअरिंग बसतात तो कॅरियर महाग. अडलं की स्वस्त वस्तूचा बळी द्यायचा. पुढचं सगळं त्या हिशोबानेच लिहिलंय.

हे मार्गदर्शन चेनवर चालणाऱ्या, मागे एकच अखंड ॲक्सल असलेल्या गाड्यांसाठी आहे. किनाऱ्यावरच्या बऱ्याच छोट्या गाड्या याच घडणीच्या. ज्यांच्या मागे डिफरन्शियल (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची पेटी) आणि रबरी बूट असलेले दोन वेगळे शाफ्ट असतात त्यांची गोष्ट निराळी.

१. जाम नक्की काय झालंय ते ओळखा

चाक फिरत नाही म्हणजे ॲक्सलच जाम, असं नाही. गाडीचा मागचा भाग उचलून घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर, ठेवा. नुसत्या जॅकवर ठेवून खाली हात घालू नका. गिअर न्यूट्रलला. आधी मागच्या ब्रेकचा कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा चिमटा) सोडवून बाजूला बांधा आणि चाक फिरवून बघा. निम्म्या वेळा ब्रेक पॅडच डिस्कला चिकटलेले असतात. मग चेन उतरवून पुन्हा बघा. चेन गंजून काठीसारखी ताठ झालेली असू शकते.

चेन नाही, कॅलिपर नाही, तरी ॲक्सल हलत नाही किंवा करकरत फिरतो, तर बेअरिंग गेली. मग तो काढावाच लागेल.

आतली रचना डोळ्यासमोर आणा. मधोमध कॅरियर म्हणजे बेअरिंगचं घर. त्यात दोन बेअरिंग, त्यांच्यामध्ये स्पेसरची नळी, दोन्ही बाहेरच्या तोंडांना सील. आरपार ॲक्सल. त्याच्या दात्यांवर एका बाजूला स्प्रॉकेटचा (चेनच्या दातेरी चकतीचा) हब, दुसऱ्या बाजूला डिस्कचा हब. सगळं एका जागी दाबून धरायला दोन मोठे पातळ नट, एकमेकांवर आवळलेले, म्हणजे चेक नट. आणि अगदी टोकांना चाकं ज्यावर बसतात ते हब, त्यांवर स्प्लिट पिन घातलेला खाचांचा नट.

गंज या प्रत्येक फटीत बसतो. लोखंडाचा गंज झाला की त्याला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते. म्हणून सैल बसवलेला भागही पाचर ठोकल्यासारखा घट्ट होतो. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. पाणी वाळतं, मीठ मागे राहतं आणि पावसाळी हवेतला ओलावा ओढून घेत बसतं.

२. हाताशी काय हवं

- सहा कोनी गोटी (सॉकेट), नटाच्या नेमक्या मापाची. बारा कोनी गोटी गंजलेल्या नटाचे कोपरे खाते.
- अर्धा इंची ड्राइव्हचा लांब दांडा आणि त्यावर चढेल असा मजबूत पाइप. जमल्यास बॅटरीवरची किंवा हवेची इम्पॅक्ट गन.
- मोठ्या चेक नटांसाठी जाड पत्र्याचे दोन सपाट पाने. माप व्हर्नियरने घ्या, डोळ्याने नाही. माझ्या गाडीचे ४६ चे आहेत, शेजाऱ्याच्या गाडीचे वेगळे. मिळाले नाहीत तर लेथवाल्याकडून ८-१० मिमी पट्टीचे कापून घ्या.
- तीन पायांचा पुलर (अडकलेला भाग ओढून काढायचं साधन), पितळेचा गज, चार-पाच किलोचा घण, ऐनाच्या लाकडाचा ठोकळा.
- वायर ब्रश, छिन्नी, चार इंची ग्राइंडर आणि १ मिमीची कटिंग चकती.
- गॅसची टॉर्च, जाड हातमोजे, डोळ्यांना चष्मा, बादलीभर कोरडी रेती.
- गंज सोडवणारं तेल, मेणबत्ती, फोटो काढायला फोन.

मंकी पाना आणि पाइप पाना घरी ठेवा. पाइप पान्याने नट गोल झाला की पुढचे सगळे रस्ते बंद होतात, उरतो फक्त ग्राइंडर.

नवी बेअरिंग आणि सील आधीच मागवून ठेवा. बेअरिंगवरचा नंबर वाचता येत असेल तर सोपं आहे. शेवटच्या दोन आकड्यांना पाचने गुणलं की आतल्या भोकाचं माप मिळतं. ६००७ म्हणजे ३५ मिमीचा ॲक्सल, बाहेरून ६२, रुंदी १४. नंबरापुढे २आरएस असेल तर दोन्ही बाजूंना रबरी सील. आपल्याला तेच हवं. झेडझेड म्हणजे पत्र्याचं झाकण, खाऱ्या पाण्यापुढे ते टिकत नाही.

३. तेल घाला आणि निघून जा

वायर ब्रशने आटे आणि फटी लोखंड दिसेपर्यंत घासा. सुटलेला गंज आणि रेती झाडून टाका, नाहीतर तेल वरच्या चिखलातच मुरतं. मग प्रत्येक नट, प्रत्येक हब आणि बेअरिंगची फट भिजवा. सकाळ-संध्याकाळ, किमान दोन दिवस. मी तीन देतो.

तेल कुठलं? डब्ल्यूडी-४० सगळीकडे मिळतं, पण त्याच्या नावातच ‘पाणी हटवणं’ आहे, जन्म त्यासाठीच झालाय. हलक्या गंजाला चालतं. जुन्या गंजाला खास गंज सोडवणारं तेल घ्या. घरगुती उपाय म्हणजे ऑटोमॅटिक गिअरचं एटीएफ तेल आणि ॲसिटोन निम्मं-निम्मं. ते एकमेकांत नीट मिसळत नाहीत, म्हणून दर वेळी हलवून लगेच टाका. काचेच्या किंवा धातूच्या भांड्यात ठेवा, कारण ॲसिटोन कित्येक प्रकारचं प्लास्टिक खातं. नेलपॉलिश काढायची बाटली आणू नका, बऱ्याच बाटल्यांत हल्ली ॲसिटोन नसतंच. आणि ॲसिटोन पेट्रोलसारखंच भडकतं. टॉर्च पेटवायच्या दिवशी हे मिश्रण जवळपासही नको.

दर वेळी तेल टाकलं की नटाच्या सपाट बाजूंवर छोट्या हातोडीने टकटक करा. ठोकायचं नाही, दार वाजवावं तेवढंच. त्या थरथरीने गंजात बारीक भेगा पडतात आणि तेल आत सरकतं.

४. चाकांचे नट, गाडी जमिनीवर असतानाच

इथे जवळजवळ सगळे चुकतात. गाडी उचलून, चाकं काढून मग हबचा नट सोडायला जातात आणि ॲक्सल गरगर फिरतो. गाडी खाली घ्या, कॅलिपर तात्पुरता परत लावा, एकाला सीटवर बसवून ब्रेक दाबायला सांगा.

आधी स्प्लिट पिन. ती गंजून मोडते, मोडू द्या. टोकं पक्कडीने कापा आणि उरलेला तुकडा तेवढ्याच जाडीच्या पंचाने ठोकून काढा. पिनचा तुकडा आत ठेवून नट फिरवलात तर तो आटे खरवडत जाईल.

नट सोडण्याआधी आटे कुठल्या दिशेचे ते बघा. ॲक्सल उभा धरलाय अशी कल्पना करा. आटे डावीकडून उजवीकडे चढत असतील तर ते नेहमीचे, घड्याळाच्या उलट फिरवून सुटणारे. मग आधी आवळायच्या दिशेने एक हलका झटका द्या आणि नंतर सोडायच्या दिशेने जोर लावा. वेडेपणा वाटेल, पण गंजाचा पहिला पकडलेला दात त्या झटक्याने सुटतो. नट पाव फेरा आला की थांबा, तेल टाका, थोडा परत आवळा, पुन्हा सोडा. एका दमात ओढलेला नट आटे घेऊनच बाहेर येतो.

५. हब

नट निघाला तरी हब दात्यांवर घट्ट बसलेला असतो. चाक काढा आणि नट उलटा करून, सपाट बाजू बाहेर ठेवून, ॲक्सलच्या टोकाशी समपातळीत फिरवा. आता मार बसला तरी आटे वाचतील. पुलर लावून ताण द्या आणि ताण असतानाच हबच्या बाजूवर हातोडी मारा. तरी हलला नाही तर हब तापवा. त्याआधी टायर बाजूला हवाच. टायरसकट हब तापवणारे मी पाहिलेत, टायर फुटल्यावर सगळे कसे पळाले तेही पाहिलंय.

पुलरला ताण देऊन रात्रभर सोडा, हेही चालतं. एकदा पहाटे अडीच वाजता पडवीतून धाडकन आवाज आला. आई म्हणाली मांजर असेल. हब निघाला होता.

६. मोठे चेक नट

खरी लढाई इथे. दोन्ही नट एकाच दिशेला सोडायला गेलात तर दोन्ही मिळून अडतील. ते एकमेकांवर दाबलेले आहेत, हाच त्यांचा लॉक. म्हणून आतल्या नटाला एक पाना लावून तो धरून ठेवा आणि बाहेरचा सोडा. बाहेरचा निघाला की आतला. काही गाड्यांत नटाला छोटा आडवा स्क्रू किंवा वाकवलेलं वॉशर असतं. ते आधी शोधा, गंजाच्या थराखाली ते दिसतही नाही.

थंड असताना दहा मिनिटांत हलले नाहीत तर जोर वाढवू नका. उष्णता वापरा. पेट्रोलची टाकी रिकामी करून उतरवा किंवा निदान मागचं सगळं धूड गाडीपासून लांब न्या. तेल पुसा. ब्रेक क्लीनर मारला असेल तर तो पूर्ण उडू द्या. क्लोरीन असलेला क्लीनर तापला की फॉस्जीन नावाचा विषारी वायू तयार होतो, आणि डब्यावर क्लोरीन आहे का हे वाचायची कुणाला सवय नसते. दारं उघडी, वारा पाठीवर.

ज्वाला नटावर ठेवा, ॲक्सलवर नाही. पोलाद तापलं की फुगतं, पण फार थोडं. ३५ मिमी आट्याचा नट २०० अंशांनी तापवला तर त्याचं भोक जेमतेम ०.०८ मिमीने मोठं होतं, वहीच्या पानाच्या जाडीएवढं. खेळायला तेवढीच जागा मिळते, तीही ॲक्सल थंड असेपर्यंत. म्हणून मोठ्या ज्वाळेने झटपट तापवा, पाना आधीच लावायच्या बेतात ठेवा. मागच्या माणसाने लाल लॉकटाइट (नट सैल होऊ नये म्हणून आट्यांना लावायचा डिंक) लावलं असेल तर तेही साधारण २५० अंशांना नरमतं. नट लालबुंद करायची गरज नाही. ॲक्सल लाल झाला तर त्याचा कडकपणा गेला, पुढच्या खड्ड्यात वाकेल.

पहिल्या तापात सुटला नाही तर गरम आट्याला मेणबत्ती टेकवा. मेण वितळून फटीत ओढलं जातं. मग आपोआप गार होऊ द्या, पाणी ओतू नका. पुन्हा तापवा. ताप, मेण, गारवा, असे तीन फेरे झाले की बहुतेक नट सोडतो. माझा दुसऱ्या फेरीत सुटला आणि ‘टक्’ असा आवाज आला. तो आवाज ओळखायला शिका. ‘कर्र’ आला तर आटे चाललेत, थांबा.

७. नटाचा बळी

तीन फेऱ्यांनंतरही हट्ट असेल तर नट कापा. ग्राइंडरने नटाच्या सपाट बाजूवर तिरका काप घ्या. सरळ आत गेलात तर आट्यांत घुसाल. तिरका गेलात तर जाडी डोळ्यांसमोर राहते. आट्याच्या अलीकडे १ मिमी शिल्लक ठेवा. त्या कापात छिन्नी ठेवून एक जोरदार घाव. नट उकलतो आणि हाताने फिरतो. चकतीने आट्याला हलका ओरखडा गेला तर घाबरू नका, त्रिकोणी कानशीने साफ होतो. चष्मा मात्र हवाच. १ मिमीची चकती अडकली की फुटते आणि तुकडा कुठे जाईल सांगता येत नाही.

८. ॲक्सल बाहेर

स्प्रॉकेट आणि डिस्कचे हब उतरवा. त्याआधी प्रत्येक बाजूचा फोटो काढा, वॉशर कुठल्या क्रमाने आणि कुठलं तोंड बाहेर ते दिसेल असा. दोन महिन्यांनी सील यायला उशीर झाला की कुणालाच काही आठवत नसतं.

ॲक्सल बहुधा एकाच बाजूने निघतो. त्यावर एका ठिकाणी खांदा असतो, जाडी वाढलेली असते. खांद्याच्या बाजूलाच तो सरकतो, उलटा मारलात तर कितीही घण घाला, बेअरिंगच चिरडणार. वायर ब्रशने दोन्ही बाजू साफ करून खांदा शोधा, मगच दिशा ठरवा.

टोकावर नट समपातळीत, त्यावर ऐनाचा ठोकळा किंवा पितळेचा गज, आणि मोठ्या घणाचा एकच भरदार घाव. छोट्या हातोडीचे पन्नास घाव टोक पसरवतात, पाच किलोचा एक घाव ॲक्सल हलवतो. चार-पाच घावांत एक मिलिमीटरही सरकला नाही तर थांबा. खडूची खूण करून ठेवा, नाहीतर सरकल्याचा भास होतो.

मग गाडी सोडा, कॅरियरसकट ॲक्सल काढा. काही गाड्यांत कॅरियर स्विंगआर्ममध्ये (मागची चाकं धरणाऱ्या, वरखाली हलणाऱ्या सांगाड्यात) बोल्टनी चिमटलेला असतो, चेन ताणायला तोच फिरवतात. बोल्ट सैल करून फटीत छिन्नी हलकेच सरकवा, पकड उघडते. हे धूड टेम्पोत घालून लेथवाल्याकडे न्या आणि २० टनी प्रेसवर ठेवा. घणाचा धक्का इकडेतिकडे जातो, प्रेस सरळ ढकलते. सुटताना तोफेसारखा आवाज होतो, म्हणून समोर उभं राहू नका.

प्रेसलाही दाद देत नसेल तर बहुधा स्पेसरची नळी ॲक्सलला गंजून एकजीव झालेली असते. कॅरियर तापवून बघा. तो ॲल्युमिनियमचा असेल तर फायदाच, ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. पण सांभाळून. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं आणि त्याआधी लाल होऊन इशारा देत नाही. टॉर्च एका जागी धरायची नाही, फिरवत राहायची. पाण्याचा थेंब चर्र करून उडाला की पुरे.

९. बेअरिंगचे अवशेष

गंजलेलं बेअरिंग अख्खं क्वचित निघतं. बाहेरची रिंग कॅरियरमध्ये राहते, आतली ॲक्सलवर, गोळ्या अंगणभर. आतल्या रिंगवर ग्राइंडरने आडवा काप घ्या, थोडी जाडी उरली की छिन्नीचा घाव. रिंग कडक असते, काचेसारखी तडकते. कॅरियरमधली रिंग मागून पितळेच्या गजाने, आलटूनपालटून दोन बाजूंनी ठोका. ती तिरकी झाली की कॅरियर खरवडला जातो.

ॲक्सल लेथवर दोन केंद्रांत धरून फिरवून बघायला सांगा. वाकलेला ॲक्सल नवी बेअरिंगही महिन्याभरात खातो. बेअरिंग बसतात ती जागा बोटाने तपासा. खड्डे पडून माप गेलं असेल तर नवं बेअरिंग आत फिरत राहील.

१०. परत बसवताना

आटे साफ करा, नवा नट हाताने शेवटपर्यंत फिरतोय का बघा. नवी बेअरिंग बाहेरच्या रिंगवर ठोकून कॅरियरमध्ये बसवा, आतल्या रिंगवर ठोकलात तर पहिल्याच दिवशी खराब. दोघांच्या मध्ये स्पेसर घालायला विसरू नका. मी विसरलोय. दात्यांवर आणि ॲक्सलच्या अंगावर अँटी-सीझ (भाग गंजून चिकटू न देणारा लेप) किंवा पाण्यात टिकणारं ग्रीस भरपूर, सीलच्या ओठांनाही. चेक नटाचे आटे मात्र कोरडे ठेवून मॅन्युअल सांगेल ते लॉकटाइट लावा. टॉर्क, म्हणजे नट किती जोराने आवळायचा तेही मॅन्युअलचंच. नव्या स्प्लिट पिना. पहिल्या फेरीनंतर सगळे नट पुन्हा तपासा.

किनाऱ्यावरून आलं की गाडी विहिरीच्या पाण्याने, साध्या नळीने धुवा. प्रेशरची गन सीलवर रोखलीत तर खारं पाणी तुम्हीच आत ढकलाल. आणि पावसाळ्यात गाडी घोड्यांवर ठेवून दर आठवड्याला मागची चाकं हाताने दहा-बारा फेरे फिरवा. आमच्याकडे हे काम पुतण्याला दिलंय. तो फेरे मोठ्याने मोजतो, त्यामुळे स्वयंपाकघरातूनही कळतं की आज रविवार आहे.